थेंबही न लागता भिजलेला कॅमेरा



श्रावण लागला की आमच्या सोयगावचे रूप पालटते. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसलेले हे गाव. उन्हाळ्यात डोंगर करपलेले दिसतात. पण दोन-चार चांगल्या सरी झाल्या की वेताळवाडीचा किल्ला ढगात दडतो, घाटातल्या कड्यांवरून पाण्याच्या धारा लोंबू लागतात आणि रुद्रेश्वराच्या लेण्यापाशी धबधबा सुरू होतो. हे सारे पाहून कोणालाही वाटावे की, कॅमेरा घ्यावा आणि बाहेर पडावे.

काही वर्षांपूर्वी आम्हालाही तसेच वाटले. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तालुक्यातील पावसाळ्यावर वीस मिनिटांची एक चित्रफीत तयार करावयाचे ठरविले. चांगला कॅमेरा आमच्याजवळ नव्हता. लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणाऱ्या गावातील एका व्यावसायिकांकडे मुले गेली. त्यांनी आपला कॅमेरा आणि त्याचे सर्वांत महागडे भिंग मुलांच्या हाती दिले. म्हणाले, ‘‘तुळशीच्या लग्नापर्यंत मला मोठे काम नाही. घेऊन जा, पण पावसात भिजू देऊ नका.’’

आम्ही त्यांचा शब्द तंतोतंत पाळला. चित्रण करायला मुद्दाम असा दिवस निवडला की त्या दिवशी पाऊस पडलाच नाही. घाटात नुसते धुके आणि ढग होते. एका माजी विद्यार्थ्याने आपली वातानुकूलित गाडी दिली होती. ठिकठिकाणी थांबायचे, कॅमेरा बाहेर काढायचा, चित्रण करायचे आणि पुन्हा गाडीत ठेवायचे, असा क्रम दिवसभर चालला. दर वेळी बाहेर येताच भिंगाची काच पांढुरकी होई. मुले रुमालाने ती पुसत आणि काम सुरू करीत. सायंकाळी कॅमेरा त्याच्या जाड पिशवीत घातला, साखळी नीट ओढून घेतली आणि पिशवी कपाटात ठेवली. पुढे गणपती आले, मग परीक्षा आल्या. दीड महिन्याने पिशवी उघडली तेव्हा भिंगाच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले होते. ती बुरशी होती.

कॅमेऱ्याचे मालक भिंग उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले. मग इतकेच म्हणाले, ‘‘सर, त्या दिवशी तर पाऊस पडलाच नव्हता ना?’’

या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग होते. कारण मी पदार्थविज्ञान शिकवतो, आणि आर्द्रतेचा धडा त्याच मुलांना मी स्वतः शिकवलेला होता. तो धडा फळ्यावर राहिला, गाडीत आमच्याबरोबर आला नाही. आज तो आपण पुन्हा एकदा, कॅमेरा समोर ठेवून, शिकू या.

पाण्याच्या चार वाटा

पावसाळ्यात पाणी कॅमेऱ्यापर्यंत चार वाटांनी पोचते. पहिली वाट थेंबांची, दुसरी बारीक फटींची, तिसरी कॅमेऱ्याच्या ‘श्वासाची’ आणि चौथी न दिसणाऱ्या बाष्पाची. पहिली वाट सर्वांना ठाऊक असते, म्हणून तिची काळजी घेतली जाते. नुकसान बहुधा उरलेल्या तीन वाटांनी होते.

पहिली वाट : थेंब

पावसाचा २ मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीजवळ येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६.५ मीटर असतो. हवेच्या विरोधामुळे तो वेग आणखी वाढत नाही. आता समजा, सेकंदाला ५ मीटर वेगाने वारा वाहत आहे. थेंबही वाऱ्याबरोबर तितक्याच वेगाने आडवा सरकेल. म्हणजे थेंब ६.५ मीटर खाली येतो तेवढ्यात ५ मीटर पुढे जातो. ५ ला ६.५ ने भागले तर ०.७७ येतात. हा ज्या कोनाचा टॅन्जंट आहे तो कोन सुमारे ३८ अंशांचा. तेव्हा छत्री वाऱ्याच्या दिशेने ३८ अंश तिरकी धरावी लागेल. हे गणित तुम्ही अकरावीच्या पुस्तकात करता ते हेच.

भिंगाच्या पुढे जी नळीसारखी झडप बसवतात, तिलाही हेच गणित लागू पडते. भिंग क्षितिजसमांतर धरले आहे, त्याच्या काचेचा व्यास ५ सेंटीमीटर आहे, झडपेची रुंदीही तेवढीच आहे आणि वारा थेट समोरून येतो आहे असे धरा. झडपेच्या वरच्या कडेला चाटून आत शिरलेला थेंब १ सेंटीमीटर आत जाईपर्यंत १.३ सेंटीमीटर खाली येतो. तो ५ सेंटीमीटर खाली येण्यास सुमारे ३.८ सेंटीमीटर आत जावे लागेल. म्हणजे झडप ४ सेंटीमीटर लांब असली तर सरळ येणारा एकही थेंब काचेला लागणार नाही; तो आधीच झडपेच्या तळावर पडेल. वारा याहून जोराचा असेल तर मात्र पाठ वाऱ्याकडे करून चित्रण करणे हाच शहाणपणा.

कॅमेऱ्याच्या बाकीच्या भागासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी पुरते. पिशवीच्या बुडाला भिंगापुरते भोक पाडावे आणि ती कड रबरी कड्याने झडपेवर घट्ट बसवावी. पिशवीचे तोंड खाली लोंबत ठेवावे, म्हणजे हात आत घालता येतो आणि आतली हवाही कोंडत नाही. भिंगापुढे एक साधी सपाट काच बसवावी. पुसापुशीत ओरखडे उमटलेच तर ते त्या स्वस्त काचेवर उमटतील.

चित्रपटाच्या कॅमेऱ्यांसाठी आणखी एक युक्ती वापरतात. भिंगापुढे एक गोल काच वेगाने फिरत ठेवतात. जहाजांच्या खिडक्यांवरही अशी फिरती काच असते. समजा, ही काच मिनिटाला ३००० फेरे घेते. मध्यापासून ५ सेंटीमीटर अंतरावरील थेंबाला काचेबरोबर फिरत राहण्यासाठी गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ५०० पट त्वरण लागेल. काचेला चिकटून राहण्याचे थेंबाचे बळ इतके नसते. त्यामुळे तो क्षणार्धात कडेला फेकला जातो आणि काच स्वच्छ राहते.

दुसरी वाट : फट

स्वच्छ काचेच्या दोन पट्ट्या ०.१ मिलिमीटर अंतर ठेवून पाण्यात उभ्या धरल्या तर पाणी त्यांच्यामध्ये सुमारे १५ सेंटीमीटर वर चढते. अंतर निम्मे केले तर पाणी दुप्पट चढते. याला आपण केशाकर्षण म्हणतो. दिव्याच्या वातीत तेल चढते ते याच कारणाने.

कॅमेऱ्यावर अशा फटी कितीतरी असतात. भिंग जेथे अडकवतात ते कडे, विद्युत्घटाच्या खणाचे झाकण, बटणांच्या कडा ही त्यांची उदाहरणे. फट जितकी बारीक तितकी ती सुरक्षित, असे आपल्याला वाटते. परंतु ज्या पृष्ठभागाला पाणी चिकटते तेथे बारीक फट पाणी अधिक ओढते. म्हणून चांगल्या कॅमेऱ्यांत सांध्यांवर रबरी कडी बसवलेली असतात. रबर दाबले जाऊन फट मुळात उरतच नाही.

यावरून दोन नियम निघतात. सांध्यावर पाणी साचू देऊ नये. ते मऊ सुती कापडाने अलगद टिपून घ्यावे, घासू नये. आणि उघड्यावर, पाऊस नसला तरी धुक्यात, भिंग बदलू नये किंवा घटाचा खण उघडू नये.

तिसरी वाट : कॅमेऱ्याचा श्वास

श्रावणात ऊन आणि पाऊस पाठशिवणी खेळत असतात. काळ्या रंगाचा कॅमेरा उन्हात ठेवला तर तो सहज ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तेवढ्यात सर येते आणि तो २५ अंशांपर्यंत निवतो. आतल्या हवेचे काय होते?

हवेचे आकारमान बदलू दिले नाही तर तिचा दाब केवल तापमानाच्या प्रमाणात बदलतो. केवल तापमान ३१३ वरून २९८ वर आले, म्हणजे दाब सुमारे ५ टक्क्यांनी घटला. वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे १० मीटर उंच स्तंभाइतका असतो. त्याचे ५ टक्के म्हणजे अर्धा मीटर! सांधे कोरडे असतील तर बाहेरची हवा आत शिरून हा फरक भरून काढते. पण सांध्यावर पाण्याचा पापुद्रा असेल तर हवेऐवजी पाणीच आत ओढले जाते. सांध्यावरचे पाणी जणू अर्धा मीटर खोलीच्या दाबाने आत ढकलले जाते, असे म्हणा ना.

तेव्हा कॅमेरा उन्हात तापू देऊ नये; त्यावर पांढरा रुमाल टाकावा. सर आली तर आधी झाकावा आणि मग बाकीची धावपळ करावी.

चौथी वाट : बाष्प

आता आमच्या गुन्ह्याकडे वळू. हवेत पाण्याचे बाष्प किती मावते, हे तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवा बाष्पाने संपृक्त असते तेव्हा तिच्यात किती ग्रॅम बाष्प असते, ते पुढे दिले आहे.

१५ अंश सेल्सिअस : १२.८ ग्रॅम
२० अंश : १७.३ ग्रॅम
२२ अंश : १९.४ ग्रॅम
२४ अंश : २१.८ ग्रॅम
२५ अंश : २३.० ग्रॅम
२६ अंश : २४.४ ग्रॅम
२८ अंश : २७.२ ग्रॅम
३० अंश : ३०.४ ग्रॅम

त्या दिवशी घाटातील हवा २६ अंशांची आणि तिची सापेक्ष आर्द्रता ९५ टक्के होती असे धरू. म्हणजे प्रत्येक घनमीटरात २४.४ च्या ९५ टक्के, अर्थात २३.२ ग्रॅम बाष्प होते. कोष्टकात पाहा : २५ अंशांची हवा २३.० ग्रॅमला संपृक्त होते. म्हणजे त्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या किंचित वर होता. जी वस्तू २५ अंशांहून थंड असेल तिच्यावर दव पडणारच!

गाडीतले यंत्र २२ अंशांवर लावले होते. कॅमेराही हळूहळू २२ अंशांचा झाला. त्याला बाहेर काढताच भोवतालची हवा त्याच्या पृष्ठभागाला लागून २२ अंशांपर्यंत निवली. त्या तापमानाला १९.४ ग्रॅमपेक्षा जास्त बाष्प मावत नाही. उरलेले ३.८ ग्रॅम प्रत्येक घनमीटरामागे पाणी होऊन काचेवर बसू लागले. वारा नवी हवा आणत राहिला आणि पाणी वाढत गेले. मुले बाहेरची काच पुसत होती, पण भिंग पुढेमागे सरकवताना जी हवा आत जात होती तिचे बाष्प आतल्या काचांवर बसत होते. तेथे रुमाल पोचत नाही.

पावसाचा एक थेंबही न लागता कॅमेरा असा आतून भिजला.

फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीला ‘घाम’ येतो, तो असाच. बाटली झिरपत नाही. ते पाणी तुमच्या घरातल्या हवेतले असते. पावसात खिडक्या बंद केलेल्या एस.टी.च्या काचा आतून धुरकट होतात, त्याचेही कारण तेच : उतारूंच्या श्वासातले बाष्प थंड काचेवर जमते.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. थंड जागेतून बाहेर पडण्याआधी, थंड जागेतच, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे. मग बाहेर यावे. दव पडेलच, पण ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूस पडेल. कॅमेरा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. मोठ्या कॅमेऱ्यास त्यासाठी अर्धा तास ते एक तास लागू शकतो. पिशवीवरचे दव आपोआप नाहीसे होऊन थोडा वेळ गेला की उघडण्यास हरकत नाही. आम्ही मात्र त्या दिवशी गाडीतले थंड हवेचे यंत्र बंद करून खिडक्या उघड्या ठेवल्या असत्या, तरी एवढ्यानेच काम भागले असते!

परतीच्या प्रवासात नियम उलटा होतो. बाहेरून थंड, कोरड्या खोलीत येताना कॅमेरा हवेपेक्षा उबदार असतो, म्हणून त्याच्यावर दव पडत नाही. पण बाहेरची दमट हवा भरलेली पिशवी बंदच ठेवली, तर आतली हवा निवून तिच्यातले बाष्प आतल्या आत पाणी होते. तेव्हा कोरड्या खोलीत आल्यावर पिशवी उघडावी आणि कॅमेऱ्याला हवा लागू द्यावी. आम्ही नेमके याच्या विरुद्ध केले : दमट कॅमेरा दमट पिशवीत दीड महिना कोंडला.

अजिंठ्याची आठवण

जगप्रसिद्ध अजिंठा लेणी आमच्याच सोयगाव तालुक्यात, वाघूर नदीच्या वळणावर आहेत. चित्रे टिकविणे म्हणजे काय, हे तेथे गेल्यावर कळते. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी येथे धाडले. त्याने वर्षानुवर्षे खपून मोठमोठी तैलचित्रे रंगविली. ती लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाली. पण गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला होता. त्याची ७४ छायाचित्रे असलेला लेण्यांवरील जेम्स फर्ग्युसन यांचा ग्रंथ १८६४ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्या काळी कॅमेऱ्याची पेटी लाकडाची आणि भाता कातड्याचा असे. दमट हवेने लाकूड फुगते आणि कातड्यावर बुरशी चढते. अशा साधनांनी काढलेली चित्रे छापली गेली आणि आज ती अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. साधन जपण्याला असा दूरवरचा अर्थ असतो.

आणि बाष्पाचा धोका केवळ कॅमेऱ्याला नसतो. माणसाचा उच्छ्वास उबदार आणि जवळजवळ संपृक्त असतो. बंदिस्त लेण्यात गर्दी झाली की आर्द्रता वाढते, आणि ती चित्रांना घातक ठरते. म्हणूनच चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मर्यादित लोकांना सोडतात. तेथे फ्लॅश वापरण्यासही मनाई आहे. तुम्ही सहलीला जाल तेव्हा रखवालदाराने थांबविले तर रागावू नका. तो आर्द्रतेचाच धडा अमलात आणत असतो.

बुरशी आणि मीठ

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. सापेक्ष आर्द्रता अनेक दिवस ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली, उजेड नसला आणि हवा हलती नसली की ते रुजतात. काच हे त्यांचे अन्न नव्हे. काचेवरची धूळ, बोटांचा तेलकटपणा एवढे त्यांना पुरते. मात्र वाढताना बुरशी आम्ले सोडते आणि ती काचेवरचा अतिशय पातळ विलेप खाऊन टाकतात. मग बुरशी पुसली तरी तिचे व्रण राहतात. आमच्या भिंगाचे हेच झाले.

आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, हे ओळखण्याचे साधन प्रत्येक स्वयंपाकघरात असते. ते म्हणजे मीठ! शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेपर्यंत कोरडे राहते आणि त्यापुढे हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. जाड्या मिठातील इतर क्षार तर त्याआधीच ओलावतात. तेव्हा घरच्या मिठाला पाणी सुटले की समजावे, कॅमेऱ्याकडे पाहण्याची वेळ झाली.

कॅमेरा ठेवण्यासाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता योग्य. त्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या वापरतात. सिलिका जेल सच्छिद्र असते; त्याच्या एका ग्रॅमच्या छिद्रांचा एकूण पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. त्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू बसतात. येथेही थोडे गणित करू. १० लिटरच्या डब्यात २६ अंशांची ९५ टक्के आर्द्रतेची हवा भरली, तर तिच्यात केवळ ०.२३ ग्रॅम बाष्प असते. दहा ग्रॅमची एक पुडी त्याला सहज पुरून उरते. पण डब्याचे झाकण उघडे राहिले तर? तीन मीटर लांब, रुंद व उंच खोलीत २७ घनमीटर हवा मावते आणि तिच्यात ६०० ग्रॅमहून अधिक बाष्प असते. बिचारी पुडी काय करणार? म्हणजे पुडीपेक्षा झाकण महत्त्वाचे.

पुडीतले दाणे रंगीत असतील तर ओलावा ओढल्यावर त्यांचा रंग बदलतो. निळे दाणे गुलाबी होतात. निळ्या रंगात कोबाल्टचे विषारी क्षार असतात. तेव्हा ते हाताळू नयेत आणि लहान मुलांपासून दूर ठेवावेत. नारिंगी रंगाचे दाणेही मिळतात, ते घ्यावेत. सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवले की दाणे पुन्हा कामास येतात. पण हे काम स्वयंपाकाच्या भांड्यात करू नये. कातड्याच्या किंवा कापडी पिशवीत मात्र कॅमेरा महिनोन् महिने ठेवू नये; ती स्वतःच ओलावा धरून ठेवते.

भिजलाच तर?

सर्व काळजी घेऊनही कॅमेरा किंवा मोबाईल भिजू शकतो. अशा वेळी ‘चालतो का ते पाहू’ म्हणून बटण दाबणे ही सर्वांत मोठी चूक. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण घामाचे क्षार आणि धूळ मिसळलेल्या पाण्यातून ती वाहते. मग आतल्या तारांमध्ये विद्युत्अपघटन सुरू होते आणि तांब्याच्या नाजूक वाटा काही वेळातच झिजतात. म्हणून :

१. यंत्र ताबडतोब बंद करावे. विद्युत्घट काढता येत असेल तर काढावा.
२. बाहेरचे पाणी मऊ कापडाने टिपावे. यंत्र जोराने हलवू नये. पाणी अधिक आत जाते.
३. झाकणे उघडून, तोंड खाली करून, पंख्याच्या वाऱ्यात निदान एक-दोन दिवस ठेवावे.
४. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा किंवा चुलीची धग देऊ नये. आतले डिंक आणि वंगण त्याने बिघडतात.
५. पूर्ण वाळल्याची खात्री होईपर्यंत वीज जोडू नये.

भिजलेला मोबाईल तांदळात पुरून ठेवावा, असे पुष्कळ जण सांगतात. साठवणीच्या तांदळात स्वतःचाच १२ ते १४ टक्के ओलावा असतो. तो सिलिका जेलइतका ओलावा कसा ओढणार? उलट तांदळाची पूड फटींत शिरते. पंख्याचा वारा त्याहून बरा.

हल्ली मोबाईलवर ‘आयपी ६८’ असा शिक्का असतो. त्यातील पहिला अंक धुळीपासून आणि दुसरा पाण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा. दुसऱ्या जागी ४ असेल तर उडालेले पाणी चालते. ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून अधिक, उत्पादकाने सांगितलेल्या अटींनुसार. पण ही परीक्षा नव्या यंत्राची, साध्या पाण्यात घेतलेली असते. यंत्र एकदा पडले, उघडले गेले किंवा रबर जुने झाले की त्या अंकाचा भरवसा धरू नये.

करून पाहा

१. दोन स्टीलचे चमचे तासभर फ्रिजमध्ये ठेवा. त्यांपैकी एक फ्रिजमध्येच ठेवलेल्या लहान प्लॅस्टिक पिशवीत घालून तिचे तोंड बांधलेले असू द्या. दोन्ही एकदम बाहेर काढा. कोणता चमचा ओला होतो? पिशवीचा कोणता पृष्ठभाग ओला होतो? दहा मिनिटांनी पिशवी उघडून पाहा.

२. चकचकीत स्टीलच्या पेल्यात साधे पाणी घ्या. त्यात बर्फाचे बारीक तुकडे एक एक टाकून ढवळत राहा. पेल्यावर बाहेरून प्रथम धुरकटपणा दिसेल त्या क्षणीचे पाण्याचे तापमान तापमापकाने मोजा. तोच दवबिंदू. वरच्या कोष्टकावरून त्या दिवशीची सापेक्ष आर्द्रता काढा.

३. वाटीत थोडे मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घाला. वाटी आणि एक आर्द्रतामापक हवाबंद पारदर्शक डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ च्या आसपास दाखवले पाहिजे. जो फरक पडेल ती त्या मापकाची चूक.

आणि एक प्रश्न : बंद कपाटातील हवा २६ अंशांची असून तिची आर्द्रता ९० टक्के आहे. लहान दिवा लावून ती ३० अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता किती होईल? बाष्प तेवढेच राहते, हे विसरू नका. (उत्तर : सुमारे ७२ टक्के.)

शिक्षकांनी पहिला प्रयोग वर्गात अवश्य करावा. दोन चमचे आणि एक पिशवी एवढेच साहित्य लागते, आणि तो पाहिलेला मुलगा ही गोष्ट विसरत नाही.

शेवट

ते भिंग दुरुस्तीला पाठविले. बुरशी निघाली, व्रण राहिले. समोरून उजेड आला की चित्र धुरकट येई. मुलांनी आणि मी वर्गणी काढून नवे भिंग घेऊन दिले; पण ते मिळेपर्यंत कॅमेऱ्याच्या मालकांना तुळशीच्या लग्नानंतरची पहिली दोन कामे भाड्याच्या भिंगावर करावी लागली. त्यांनी आम्हाला एका शब्दाने दुखविले नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट अजून मला टोचते.

पुढच्या पावसाळ्यात चित्रफीत पुरी करायची होती. मुले संकोचाने पुन्हा त्यांच्याकडे गेली. जाताना कॅमेऱ्यासाठी एक हवाबंद डबा, सिलिका जेल आणि चार पारदर्शक पिशव्या घेऊन गेली. त्यांनी हे सामान पाहिले, पिशव्या कशासाठी म्हणून विचारले. एका मुलीने फ्रिजमधल्या बाटलीचे उदाहरण देऊन दवबिंदू समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि कॅमेरा तिच्या हाती दिला.

त्या वर्षी घाटात मुसळधार पाऊस झाला. पिशवी चिंब भिजली. कॅमेरा कोरडा राहिला.